सगळ्यांना विचारलं, वसंता

वसंता, मोठा डबा अजून चालू झालेला नाही.

हे आधी सांगतो, कारण तू असतास तर चप्पल काढायच्या आधी तेच विचारलं असतंस. "दाजी, मशिनी चालू आहेत ना?" तुझी अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि भावाचं लक्ष अंगणातल्या खोलीकडे. नाही, चालू नाहीत. एकही नाही. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभरा येतात, एका जागी थांबतात, आणि तिथं एक बारीक रेघ लुकलुकत राहते. मी तिच्यासमोर बसून राहतो. ती काहीतरी मागते आहे एवढं मला कळतं. काय मागते ते कळत नाही.

तू कुठं जन्मलास, किती वर्षं नोकरी केलीस, ते मी इथं लिहीत नाही. ते तुझ्या खडकीच्या कारखान्यातली माणसं लिहितील, त्यांना चांगलं लिहिता येतं. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. मला तुझ्याशी भांडायचं होतं, ते राहिलंय. म्हणून बसलोय.

तुला आठवतं, तू रिटायर झालास, क्वार्टर सोडून इकडं धायरीत फ्लॅट घेतलास आणि एक दिवस टेम्पो घेऊन दारात उभा राहिलास. आत कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेले पाच कॉम्प्युटर. मला म्हणालास, "दाजी, गोठा द्या."

रान गेलं, जनावरं गेली, चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी तेवढा गोठा मी कुणाला दिला नव्हता. मी म्हणालो, "गाई आणल्यास का?"

"पाच आणल्यात. भाकड आहेत. पण दुभत्या करतो."

आणि केल्यास. भिंतींना चुना दिलास, वायरी ओढल्यास, एक मोठा डबा मधे ठेवून बाकीचे चार त्याला जोडलेस. मला समजावं म्हणून म्हणालास, "दाजी, हा मोठा म्हणजे विहिरीवरची मोटर. बाकीचे चार वाफे. मोटर चालू तर सगळीकडे पाणी." एवढं मला चांगलं समजलं. म्हणूनच आता कळतंय की काय बंद पडलंय.

त्यावर तू ते लिनक्स घातलंस. मी म्हणालो, सगळी दुनिया विंडोज वापरते, तुला हे कुठलं खूळ? तू म्हणालास, ही सिस्टिम कुणा एका मालकाची नाही, जगभरातली माणसं मिळून करतात, कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी. 

"आणि बिघडली तर?"

"तर विचारायचं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपायच्या आधी तू उठून गेलास.

सगळ्यांना विचारायचं म्हणजे काय? मी तुला माझ्या लेकीच्या, कुंदाच्या लग्नाची आठवण करून दिली. आपण दोघं तुझ्या स्कूटरवर अक्षता घेऊन घरोघर फिरलो होतो. भाऊकीतलं एक घर सोडलं नाही. फक्त माझा चुलत भाऊ दगडू, त्याची पत्रिका कुणाच्यातरी हाती गेली. दगडू मांडवाच्या दारापर्यंत आला, नवरा-नवरीवर बाहेरूनच अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेला. तू म्हणालास, काय हट्टी माणूस आहे. मी म्हणालो, बरोबर आहे तो. ज्याच्या दारात आपण गेलो नाही त्याला आपण बोलावलंच नाही. सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही.

"दाजी, हे लग्न नाही," तू म्हणालास.

"माणसं तीच ना?"

मग मला दाखवायला म्हणून तू कर्वेनगरला घेऊन गेलास. कॉलेजचा एक वर्ग, रविवारची सकाळ, तुझे ते लिनक्सच्या ग्रुपवाले. मी शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलो. एक चांगला सुटाबुटातला गृहस्थ उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, माझं हे अडलंय, मला जमत नाही. कुणी हसलं नाही. कुणी त्याचं नावगाव विचारलं नाही. खिडकीजवळची एक पोरगी बसल्या जागेवरून म्हणाली, मला मागच्या आठवड्यात हेच झालं होतं, बघू. आणि उठून त्याच्याजवळ गेली. झालं. ना पाहुणचार, ना ओळख.

परत येताना स्कूटरवर मी तुझ्या कानात ओरडत होतो, "अरे, एवढ्या मोठ्या माणसाने उभं राहून मला येत नाही म्हणायचं?"

"तिथं सगळे तेच म्हणायला येतात, दाजी."

"मी नाही म्हणणार."

"तुम्हाला कुठं काय अडलंय? तुम्हाला सगळंच येतं."

हे तू किती गोड आवाजात म्हणायचास. मला सिंहगड रोड येईपर्यंत टोमणा कळायचा नाही.

तरी तू मला त्या ग्रुपमध्ये घातलंस, मोबाइलवर. "असू द्या, कधी लागलं तर." मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. पण तू काही सोडत नव्हतास. पडद्यावरचे शब्द मराठीत करायचं काम तुम्ही लोकांनी घेतलं होतं, त्यात रोज संध्याकाळी माझं डोकं खायचास. "दाजी, काम झाल्यावर बंद करून निघायचं, त्याला काय लिहू?"

"बाहेर पड म्हण."

"ते भांडण झाल्यासारखं वाटतं."

"मग ये आता म्हण."

तू हसत बसलास. अक्का आतून म्हणाली, "तुम्हा दोघांना कुणी कामाला ठेवलं असतं का?" तेवढं एक मात्र खरं, वसंता, तिसरी शिकलेल्या माणसाला कुणी रोज शब्द विचारायला येतं, हे मला फार आवडायचं. तुला तसं कधी दाखवलं नाही.

दवाखान्यात तू मला जवळ बोलावलंस. नाकात नळी, आवाज बसलेला. "दाजी, खोली चालू ठेवाल?"

मी म्हणालो, "आधी बरा हो. स्वतः येऊन ठेव."

तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच म्हणालो. तुला वाटलं असेल, म्हातारा शेवटपर्यंत अडून बसला. तसं नव्हतं रे. मला वाटलं, मी हो म्हणालो की तू निर्धास्त होशील आणि जाशील. नाही म्हणालो तर तुझ्या जिवाला घोर राहील आणि तू थांबशील. माझं गणित एवढंच. तू तसाच गेलास.

तेराव्यानंतर मी खोली उघडली. बाया यायला लागल्या. तुझ्या त्या विदर्भातल्या, नवऱ्यांच्या नोकरीपायी इथं आलेल्या, मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या, ज्यांना तू इथं शिकवायचास. दोन दिवस नीट चाललं. मग लाइट गेली, आली, परत गेली, आणि मोठा डबा जो काळ्या पडद्यावर अडला तो अडला. मोटर बंद, वाफे कोरडे.

मी बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने येऊन एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हे काय घालून ठेवलंय? आम्ही हे करत नाही. पुसून टाकतो, विंडोज घालून देतो."

"परवान्याचं?"

तो माझ्याकडे बघून हसला. मी म्हणालो, ते नको. तुला, वसंता, चोरीचं चालायचं नाही. तो म्हणाला, "मग ज्याने घातलंय त्यालाच विचारा."

त्यालाच विचारा. एवढी साधी गोष्ट. मी त्याला चहा पाजला आणि लावून दिलं.

प्रमोदचं वेगळंच. आपला लेक म्हणून सांगतो, वाईट नाही तो, पण जागा मोकळी दिसली की त्याला दम निघत नाही. "बाबा, बंद पडलेली खोकी किती दिवस पुसायची? तिथं पोरांसाठी मेस काढू. महिनाअखेरपर्यंत झालं तर झालं, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो." मी म्हणालो, जागा माझी आहे. तो म्हणाला, जागा तुमची, पण मशिन तुम्हाला येते का?

आणि त्या बाया, वसंता. त्यांना मी सांगितलं, बंद आहे, येऊ नका. तरी जयश्री येते. ती उंच, पुसदकडची, मेसमध्ये पोळ्या लाटून येणारी. फाटकातून विचारते, "काकाजी, झालं का सुरू?" नाही म्हटलं तरी आत येते, बंद पडद्यासमोर बसते आणि मेलेल्या कीबोर्डवर बोटं चालवते. खटखट, खटखट. समोर काहीच उमटत नाही. मी म्हणालो, काय उपयोग? तर म्हणते, "बोटं तर नाही विसरणार नं काकाजी." तिचं बघून बाकीच्याही बसतात. संध्याकाळी अंगणात उभं राहिलं की तो आवाज येतो, आणि मला वाटतं चालू झालं की काय. रोज वाटतं.

मग मी विचारायला निघालो. पण माझ्या पद्धतीने. तुझ्या ग्रुपात माणसांची यादी असते ना, तिच्यातून एकेकाला. मोबाइलला तोंडाने सांगितलं की तो लिहितो, हे तूच शिकवलंस. सकाळी आंघोळ करून बसायचो. "सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. मी धायरीहून लिहितो. आमचा कॉम्प्युटर बंद आहे. आपण जातीने लक्ष घालून मदत करावी ही विनंती." असं प्रत्येकाला, वेगवेगळं. कुणी राहू नये, कुणाला दगडूसारखं वाटू नये. ज्याचं उत्तर आलं नाही त्याला फोन केला.

वसंता, तुझ्या दाजीला लोकांनी चोर समजलं. आजकाल म्हणे असेच निरोप पाठवून लुबाडतात. कुणी विचारलं, कोण तुम्ही, नंबर कुठून मिळाला? एकाने तर पोलिसांचं नाव काढलं. मग ग्रुप सांभाळणाऱ्या मेधाताईंचा निरोप आला, सभ्य होता: "काका, कृपया एकेकाला मेसेज करू नका, लोकांना त्रास होतोय. काय झालंय ते ग्रुपवर एकदाच लिहा." मी उत्तर धाडलं, "आमच्यात दारात गेल्याशिवाय बोलावणं होत नाही." आणि राहिलेल्यांना पाठवत राहिलो. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपातून काढून टाकलं.

उभ्या आयुष्यात मला कुणी पंगतीतून उठवलं नव्हतं.

तरी हटलो नाही. म्हटलं, त्या वर्गात जातो, डबाच समोर ठेवतो, मग बघू कसे नाही म्हणतात. रविवारी मोठा डबा पोत्यात घातला आणि बसने कर्वेनगरला गेलो. अक्का नको म्हणत होती. कॉलेजच्या फाटकावर वॉचमन.

"आजोबा, काय, टीव्ही आणलात का?"

"कॉम्प्युटर आहे. मीटिंगला आलोय."

"मीटिंग बंद झाली इथली. ते आता सगळं ऑनलाइन असतं. आपापल्या घरी बसतात."

"आता बंद कॉम्प्युटरवर ऑनलाइन कसं यायचं?"

"ते ऑनलाइन विचारा," तो म्हणाला, आणि खुर्ची सावलीत ओढली.

मी तिथंच फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलो. पोतं मांडीजवळ. तुझी स्कूटर जिथं लावायचास ती जागा समोर दिसत होती. मला घरी कसं जायचं ते माहीत होतं, पण उठवत नव्हतं. विचारायला निघालेल्या माणसाला विचारायला कुणी नाही, हे असं पहिल्यांदाच झालं. आजवर मला जे अडलं, ते मी सरळ तुला विचारत आलो. सातबारा असो, मोबाइल असो, प्रमोदचं काय करायचं ते असो. मला वाटायचं, मी कुणाला विचारत नाही. तुला विचारणं मी विचारण्यात धरलंच नव्हतं.

घरी आलो तर अक्काने डबा उतरवून घेतला आणि म्हणाली, "एवढ्या जणांना कळवलं, काय कळवलं?"

"कॉम्प्युटर बंद आहे म्हणून."

"आणि वसंता गेला, ते?"

मी पोत्याची घडी घालायला लागलो.

"ते कुणालाच न्हाई सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. एवढे निरोप धाडले, एकातही ते नव्हतं. तोंडाने बोलल्याशिवाय मोबाइल लिहीत नाही, आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली. थोरली बहीण तुझी, रडून रडून डोळे सुकलेली. म्हणाली, "मयत झालं तर आपण अक्षता घेऊन घरोघर जातो का? चावडीवर एकदा सांगायचं. ज्याला ज्याला कळतं तो हातातलं टाकून येतो. कुणी रुसत न्हाई, मला वेगळं का न्हाई सांगितलं म्हणून."

वसंता, तू मला इतकी वर्षं सांगत होतास आणि मी तुला लग्नाचे दाखले देत होतो. तू म्हणायचास, हे लग्न नाही. मग काय आहे, ते तू कधी बोलला नाहीस. माहीत असेल तुला. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नसशील.

मी मेधाताईंना फोन केला. म्हणालो, माझं चुकलं, मला परत आत घ्या. मी हे बोलत असताना अक्का माझ्याकडे बघत राहिली होती. त्यांनी घेतलं. मग मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, एकदाच सांगितलं आणि मोबाइलने लिहिलं: "धायरीचे वसंतराव गेले. ते माझे मेहुणे. त्यांनी बसवलेला मोठा कॉम्प्युटर लाइट गेल्यापासून चालू होत नाही. दुकानदार पुसून टाका म्हणतो, ते मला करायचं नाही. मला यातलं काही येत नाही. खोली चालू ठेवायची आहे."

मग जो मोबाइल वाजायला लागला तो थांबेना. कुणाला ठाऊकच नव्हतं. एक म्हणाला, वसंतकाका बरेच दिवस दिसले नाहीत, मला वाटलं माझ्यावर रागावले. नागपूरची एक मुलगी म्हणाली, परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा लॅपटॉप उघडत नव्हता, काकांनी फोन ठेवला नाही, मागून कुणीतरी सारखं जेवायला हाक मारत होतं. ती हाक अक्काची असणार. आणि गंमत बघ, ज्या लोकांनी एकेकाला निरोप धाडतो म्हणून मला बाहेर काढलं होतं, तीच माणसं एकेक करून, वेगवेगळी, माझ्या नंबरवर आली. तुझ्यासाठी. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. सवय आहे मला.

आता रोज कुणीतरी फोनवर असतं. फोटो काढून पाठवा म्हणतात, मी पाठवतो. हे लिहा म्हणतात, मी एका बोटाने लिहितो, मधल्या तिरक्या रेघेपाशी दर वेळी चुकतो. मेधाताई ओरडत नाहीत. काल त्या म्हणाल्या, "काका, आता ते पासवर्ड मागतंय. वसंतकाकांनी कुणाला सांगितला होता का?" मी तुझं नाव घालून बघितलं, अक्काचं, कुंदाचं, स्कूटरचा नंबर. माझंही नाव घातलं, उगीच. नाही. त्या म्हणतात त्यावाचूनही वाट आहे, पण डब्याच्या आतली चकतीच, ती हार्डडिस्क, आवाज करते, ते लक्षण बरं नाही. येत्या रविवारी चौघंजण येणार आहेत, दुसरी चकती घेऊन. खोली उभी राहील म्हणतात. पण त्यात तू जे जे बसवलं होतंस, ते निघेल की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही. प्रमोदला मी रविवारपर्यंत थांब म्हणालोय. तो हो म्हणाला, पण भंगारवाल्याचा नंबर त्याने मोबाइलमध्ये ठेवलाय, मला माहीत आहे.

मेधाताईच म्हणाल्या, ग्रुपच्या पानावर तुमच्या मेहुण्यांबद्दल लिहा, सगळे वाचतील. म्हणून हे. भांडणात तू जिंकलास, वसंता. सगळ्यांदेखत लिहून देतो, तोंडावर कधी दिलं नसतं.

पण एक माझंही खरं ठरलं. दवाखान्यात तू जे दोनदा विचारलंस, त्याचं उत्तर मी त्या दिवशी ग्रुपवर दिलं. खोली चालू ठेवायची आहे, असं. नागपूरपर्यंत गेलं ते. सगळ्यांनी वाचलं, खाली हात जोडलेले पाठवले. ते उत्तर एकाच माणसासाठी होतं, आणि त्याच्या दारात जाऊन द्यायचं होतं.

आतून खटखट ऐकू येतेय. जयश्री आलेली दिसते. हो, वसंता. ठेवीन चालू.